कच्चा मासा नको असेल तर: शिजवलेली आणि तळलेली सुशी

मेन्यूवर 'टेंपुरा', 'क्रंची' किंवा 'हॉट' लिहिलेला रोल शिजलेलाच असणार, असं धरून चालू नका. गुंडाळलेला रोल तेलात राहतो जेमतेम एक-दीड मिनिट. तेवढ्या वेळात बाहेरचं आवरण खरपूस होतं आणि कडेचा भात कोमट होतो. मधोमध कच्चा सॅमन असेल तर तो बहुतेक कच्चाच राहतो, कारण भाताचा थर उष्णता आत पोचू देत नाही. ब्राझीलमध्ये लोकप्रिय असलेला 'हॉट फिलाडेल्फिया' बघा. सॅमन आणि क्रीम चीज गुंडाळून अख्खा रोल तळतात, पण कापल्यावर मधला सॅमन बरेचदा अर्धकच्चा दिसतो. ज्यांना तसा आवडतो त्यांनी खुशाल खावा. कच्चा मासा टाळायचाच असेल तर मात्र एक शिस्त पाळावी लागते: सारण आधी वेगळं, पूर्ण शिजवायचं, गार करायचं, टिपून कोरडं करायचं आणि मगच गुंडाळायचं. रोल तळायचा तो कुरकुरीतपणासाठी.

शिजवलेली सुशी म्हणजे दुय्यम सुशी, हा समजही सोडून द्या. एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, गाड्यांवर निगिरी (भाताच्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा तुकडा) विकली जायची तेव्हा शीतपेटी नव्हती. मासा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवायचे, सोया सॉसमध्ये भिजवायचे किंवा सरळ शिजवायचे. जुन्या वळणाच्या दुकानांत आजही मंद आचेवर शिजवलेला आनागो (समुद्री वाम), उकडलेली कोळंबी आणि गोडसर अंड्याचा तामागो मानाने वाढतात. तामागोवरून आचाऱ्याचा हात जोखणारे गिऱ्हाईकही असतात.

बाहेर मागवताना

नेहमी शिजलेले प्रकार ओळखायला सोपे आहेत: उनागी (गोड्या पाण्यातली वाम, भाजून वर गोडसर सॉस लावलेली), आनागो, एबी (उकडलेली कोळंबी), ताको (उकडलेला ऑक्टोपस), तामागो, कानिकामा म्हणजे क्रॅब स्टिक, ट्यूना-मेयो आणि इनारी (तळलेल्या टोफूच्या गोडसर पिशवीत भरलेला भात). उनागी जवळपास कधीच कच्ची वाढत नाहीत, कारण वामीच्या रक्तात विषारी द्रव्य असतं आणि ते उष्णतेनेच निकामी होतं.

फसवणारे प्रकार वेगळेच. 'आबुरी' म्हणजे वरून ज्वाला फिरवलेला मासा, आतून कच्चा. 'ताताकी'ही तसाच. 'शिमे-साबा' हा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवलेला मॅकरेल पांढरट दिसतो म्हणून शिजल्यासारखा वाटतो, पण तो शिजलेला नसतो. स्मोक्ड सॅमन बहुतेक वेळा थंड धुरात केलेला असतो, त्यामुळे तोही शिजलेल्यात धरू नये. गरोदर बायकांनी तर तो टाळलेलाच बरा. 'आमाएबी' ही गोडी कोळंबी, नावात एबी असली तरी कच्ची. 'स्पायसी ट्यूना'त साधारणपणे कच्चा ट्यूना असतो. कॅलिफोर्निया रोलमध्ये क्रॅब स्टिक, काकडी आणि अवोकाडो असतात, म्हणजे सारण निर्धोक. पण वर लावलेले केशरी दाणे ही माशाची अंडी असतात आणि ती शिजवलेली नसतात. 'दाणे नकोत' म्हटलं की वर तीळ लावून देतात.

हे सगळं का जपायचं? समुद्री माशातला अनिसाकिस नावाचा कृमी ६० अंश सेल्सिअसला एक मिनिटात मरतो, किंवा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवल्यावर. व्हिनेगर, सोया सॉस आणि वसाबीने तो मरत नाही. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे २० पर्यंत खात्रीने जात नाही, त्यामुळे 'घरी दोन दिवस गोठवला होता' यावर विसंबू नका. शिजवणं हा त्यापेक्षा सोपा मार्ग.

भात

सगळी मेहनत इथे आहे. भात चुकला तर आतली कोळंबी कितीही चांगली असो, उपयोग नाही.

पाकिटातला जपानी आखूड दाण्याचा तांदूळ मिळाला तर उत्तम. नाहीतर महाराष्ट्रात इंद्रायणी चालतो. तो चिकट होतो, रोल बांधून धरतो, तळलेल्या रोलमध्ये तर फरक फारसा कळतही नाही. त्याचा वास व्हिनेगरशी थोडा झगडतो एवढंच. बासमती आणि कोलम यांचा नाद नको. त्यांची शितं सुटी राहतात आणि कापताना रोल उसवतो.

चार मोठ्या रोलना ३०० ग्रॅम तांदूळ लागतो. गार पाण्यात हलक्या हाताने चार वेळा धुवा. पाणी बऱ्यापैकी नितळ दिसलं की पुरे. अर्धा तास भिजवा आणि चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवा. जपानी तांदळाला ३७० मिलिलिटर पाणी घाला. इंद्रायणीला ४०० च्या आसपास लागतं, नवा तांदूळ असेल तर त्याहून थोडं कमी. जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण ठेवून मोठ्या आचेवर उकळी आणा, मग अगदी मंद आचेवर बारा मिनिटं ठेवा. गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता आणखी बारा मिनिटं वाफेत राहू द्या. ही शेवटची बारा मिनिटं घाईत गाळली की वरची शितं कडक आणि तळाची गिच्च, असा भात हाती येतो.

तोवर व्हिनेगर तयार करा: तांदळाचं व्हिनेगर ५० मिलिलिटर, साखर दोन टेबलस्पून, मीठ एक टीस्पून. विरघळण्यापुरतं कोमट करा, उकळू नका, आंबटपणा उडून जातो. तांदळाचं व्हिनेगर नसेल तर सफरचंदाचं घ्या. किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर घशाला झोंबतं. तेच वापरायचं झालं तर ३५ मिलिलिटर व्हिनेगर आणि १५ मिलिलिटर पाणी घ्या.

भात गरम असतानाच पसरट भांड्यात उपसा. जपानमध्ये यासाठी लाकडी पसरट टोपलं असतं, आपल्याकडची स्टीलची परात काम भागवते. ॲल्युमिनियमची नको, व्हिनेगरने तिची चव उतरते. व्हिनेगर सगळीकडे शिंपडा आणि उलथण्याची धार तिरपी धरून भात कापल्यासारखा फिरवा. गोल ढवळलात तर शितं मोडून त्याचा लगदा होतो. दोन-तीन मिनिटांत भात व्हिनेगर पिऊन टाकतो. मग वारा घाला. वाऱ्याने वरची वाफ उडते आणि शितांना चकाकी येते. हाताला कोमट लागेल इतका निवला की ओलं, घट्ट पिळलेलं फडकं झाकून ठेवा.

या भाताला फ्रीज दाखवू नका. थंडीत शितं टणक होतात आणि चुरतात. बाहेर ठेवायचा तर मुंबईच्या किंवा कोकणातल्या उकाड्यात दोन तासांच्या आत संपवण्याच्या हिशेबाने करा. व्हिनेगरमुळे भात थोडा अधिक टिकतो हे खरं, पण घरी आंबटपणा मोजायची सोय नसते आणि शिळ्या भातातले जंतू वासावरून कळत नाहीत.

आत काय घालायचं

*उकडलेली कोळंबी.* न तळलेल्या रोलला, तळलेल्या रोलला आणि निगिरीला, तिन्हीकडे चालते. मध्यम आकाराची, सालासकट साधारण २५ ग्रॅमची कोळंबी घ्या. काळा दोरा काढा. साल तशीच ठेवून पोटाच्या बाजूने, साल आणि मांस यांच्या मधून डोक्याकडून शेपटीपर्यंत बांबूची काडी खोचा. काडी नसेल तर पाण्यात पडताच कोळंबी गोल वळते आणि रोलमध्ये सरळ बसत नाही. खारट पाण्याला उकळी फुटू लागली की आच कमी करून दोन-अडीच मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. काडी पिळून काढा, साल सोला, कोरडी टिपा. निगिरीसाठी पोटाकडून चिरून पुस्तकासारखी उघडायची. मांस मधोमध पारदर्शक दिसलं तर ती अजून कच्ची आहे. रबरासारखी लागली तर मिनिटभर जास्त उकळली.

*टेंपुरा कोळंबी.* ही खरी न तळलेल्या रोलची शोभा. अख्खा रोल तळायचा असेल तर आत टेंपुरा घालू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. आतलं आवरण भाताच्या वाफेने मऊ पडतं आणि एकाच घासात दोनदा तेल होतं.

कोळंबी सोला, शेपटी ठेवा. शेपटीचं टोक तिरपं कापून सुरीच्या पाठीने आतलं पाणी खरवडून काढा. ही पायरी गाळली की ते पाणी तेलात फुटतं आणि मनगटावर उडतं. पोटाच्या बाजूला चार-पाच आडव्या उथळ चिरा द्या, पाव जाडीपेक्षा खोल नाही. कोळंबी पालथी टाकून बोटांनी पाठीवरून दाबत जा. आत स्नायू तुटल्याचा बारीक 'टक्' असा झटका बोटाला जाणवतो आणि ती दीडपट लांब होते. तो झटका जाणवला नाही तर तळताना कोळंबी पुन्हा वाकणार.

बारा कोळंब्यांना: एक अंडं आणि बर्फाचं पाणी मिळून २०० मिलिलिटर, मैदा १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम. मैदाही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवलेला असावा. अंडं-पाणी फेटून त्यात पीठ टाका आणि चॉपस्टिकने दहा-पंधरा वेळाच ढवळा. गुठळ्या दिसतील, दिसू द्या. भज्याचं पीठ घोटायची सवय इथे नडते. जास्त ढवळलं किंवा पीठ कोमट झालं की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि आवरण कुरकुरीत होण्याऐवजी पुरीसारखं चिवट होतं. कोळंबी आधी कोरड्या मैद्यात घोळवा, झटका, मग पिठात बुडवा. तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका: अर्ध्यापर्यंत बुडून वर आला की तेल तयार, तळाला बसला तर थंड आहे, वरच्या वर विखुरला तर फार तापलंय. एका वेळी तीन-चारच सोडा. सोडल्यावर लगेच चॉपस्टिकने थोडं पीठ कोळंबीच्या अंगावर शिंपडलं की आवरणाला तो जाळीदार फुलोरा येतो. दोन मिनिटांनी, बुडबुडे बारीक झाले आणि आवाज उतरला की काढा. जाळीवर उभ्या ठेवून निथळू द्या. कागदावर आडव्या ठेवल्या की खालची बाजू वाफेने मऊ पडते.

*गोडसर सॉसमधला बांगडा.* उनागी आपल्याकडे सहज मिळत नाही, मिळाली तर गोठवलेली आणि महाग. जपानमध्ये मात्र सांमा किंवा पेडव्यासारखे साधे मासेही याच सॉसमध्ये करतात, अगदी डब्यातही मिळतात. त्यामुळे बांगडा इथे बिनधास्त बसतो. दोन मध्यम बांगड्यांचे काटे काढून चार तुकडे करून घ्या. मधल्या ओळीतले बारीक काटे चिमट्याने ओढून काढा, रोलमध्ये काटा लागला तर खाणाऱ्याचा विश्वासच उडतो. मीठ लावून दहा मिनिटांनी सुटलेलं पाणी टिपा, मैद्यात घोळवा. तव्यावर कातडीची बाजू खाली ठेवून तीन मिनिटं, उलटून दोन मिनिटं. तेल पुसून घेऊन तीन टेबलस्पून सॉस ओता आणि मिनिटभर खळखळू द्या. गार झाल्यावर दीड सेंटिमीटरच्या लांब पट्ट्या कापा.

सॉस असा: सोया सॉस ६० मिलिलिटर, मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोडसर जपानी तांदळाची वाइन) ६० मिलिलिटर, साखर दोन टेबलस्पून. मिरिन नसेल तर तेवढंच पाणी आणि साखर एक चमचा वाढवा. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. चमच्याच्या पाठीवर पातळ पदर धरला की थांबा. आटवतानाच मधासारखा दाट केलात तर गार झाल्यावर त्याची चिक्की होते.

बांगडा आणि ट्यूना यांच्याबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. हे मासे बर्फाबाहेर राहिले की त्यांत हिस्टॅमिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं दुखणं हे त्याचं लक्षण. म्हणजे सुशी शिजवलेली असली तरी मासा ताजाच हवा. बाजारातून बर्फात आणा आणि थेट फ्रीजमध्ये ठेवा.

*पटकन होणारी सारणं.* डब्यातला ट्यूना निथळवून, मुठीत घट्ट पिळून, १४० ग्रॅमला दोन टेबलस्पून मेयोनेझ. पिळला नाही तर रोल पाणी सोडतो. क्रॅब स्टिक आधीच शिजलेल्या असतात, मात्र त्या पांढऱ्या माशाच्या लगद्याच्या असतात, त्यात गहू, अंड्याचा पांढरा भाग आणि कधी खेकड्याचा अर्कही असतो. ॲलर्जी असणाऱ्यांनी पाकीट वाचावं. मियाझाकी शहरातला लेट्यूस रोल तर करायला अगदीच सोपा: उकडलेली कोळंबी, लेट्यूस आणि मेयोनेझ. न तळता खायचा.

*तामागो.* तीन अंडी, तीन टेबलस्पून पाणी किंवा दाशी (पातळ जपानी सार), एक टेबलस्पून साखर, एक टीस्पून सोया सॉस. फेस न आणता फेटा. मध्यम आचेवर तेलाचं बोट फिरवलेल्या तव्यावर चौथा हिस्सा ओता. वरचा भाग ओलसर असतानाच गुंडाळून कडेला सरकवा, पुन्हा ओता, गुंडाळीखालीही जाऊ द्या, पुन्हा गुंडाळा. चार पदर झाले की गरम असतानाच रोल गुंडाळायच्या बांबूच्या चटईत बांधून पाच मिनिटं ठेवा म्हणजे चौकोनी आकार येतो.

शाकाहारी पाहुण्यांसाठी रताळं किंवा लाल भोपळा: एक सेंटिमीटर जाडीच्या काड्या, त्याच टेंपुराच्या पिठात १६५ अंशांवर तीन-चार मिनिटं. अंडं नको असेल तर तेवढं बर्फाचं पाणीच घ्या. तेल मात्र कोळंबी तळायच्या आधीचंच वापरा. आणि दाशीमध्ये बहुधा बोनिटो हा मासा असतो, तेव्हा तयार सॉसच्या बाटल्या वाचून घ्या.

गुंडाळणं

नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) अख्खा ताव साधारण १९ बाय २१ सेंटिमीटरचा असतो. पाकीट उघडल्यावर मऊ पडला असेल तर गॅसवरून पाच-सहा सेकंद, दोन हात उंच नव्हे, वीतभर उंच, फिरवून घ्या, पुन्हा चुरचुरीत होतो. चकाकती बाजू खाली, अरुंद बाजू आपल्याकडे.

वाटीभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून हात ओला करा आणि झटका. हात टपटपता ओला असेल तर नोरी भिजून फाटते. १५० ग्रॅम भात पसरा. पहिल्यांदा हा वजनकाट्यावर घ्याच, कारण अंदाजाने घेतलेला भात जवळपास नेहमी जास्त होतो आणि मग रोल मिटत नाही. पलीकडच्या कडेला दोन-अडीच सेंटिमीटर नोरी मोकळी सोडा. भात बोटांच्या टोकांनी ढकलत पसरवा, दाबू नका. दाबलेला भात खाताना गोळा लागतो.

सारण आपल्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात आडवं ठेवा, अंगठ्यापेक्षा जाड नको. काकडी घालत असाल तर बियांचा भाग काढून घाला. चटईची कड उचलून, बोटांनी सारण आत धरून, आपल्याकडची कड थेट समोर भात जिथे संपतो तिथे टेकवा. तिथे थांबून चटईवरून दाबा, मग चटई पुढे ओढत उरलेली नोरी गुंडाळा. सांधा खाली करून पाच मिनिटं ठेवा. भाताची ओल नोरीला चिकटवते, वेगळं पाणी लावायची गरज नाही.

भात बाहेर असलेला रोल घरी तळू नका. भात तेलात सुटतो, करपतो, आणि झाऱ्याने शितं गोळा करत बसावं लागतं. तळायच्या रोलला नोरी बाहेरच हवी.

अख्खा रोल तळताना

१९ सेंटिमीटरचा रोल घरच्या गोल बुडाच्या कढईत आडवा मावत नाही. तळण्याआधीच त्याचे दोन भाग करा. रोल साध्या तापमानाला आलेला असू द्या. भात कोमट असेल तर आतली वाफ नोरी सैल करते. क्रीम चीज घातलं असेल तर पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, तेवढ्याने भात बिघडत नाही आणि चीज तेलात वितळून बाहेर धावत नाही. अवोकाडो तापला की कडवट लागतो. तो तळल्यानंतर वर ठेवण्यासाठी राखून ठेवा.

आवरणाचं पीठ टेंपुरापेक्षा थोडं दाट: मैदा १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम, बर्फाचं पाणी १६० मिलिलिटर, चिमूटभर मीठ. चार रोलना हे पुरतं. शेजारी ताटात पांको, म्हणजे जाडसर जपानी ब्रेडक्रम्स, पसरून ठेवा. नसेल तर कालच्या पावाच्या कडा काढून किसा. बारीक पुडीचे ब्रेडक्रम्स नकोत.

कोरडा मैदा, मग पीठ, मग पांको, हा क्रम चुकवू नका. कोरडा मैदा नसेल तर पीठ गुळगुळीत नोरीवरून घसरतं आणि तळल्यावर आवरण सुटून हातात येतं. दोन्ही तोंडं मात्र विशेष लक्ष देऊन बंद करा. मैदा बोटाने दाबून लावा, पिठात दोनदा बुडवा आणि पांको तळव्याने दाबून बसवा. उघड्या तोंडातून तेल आत शिरलं की भात तेलकट होतो, आणि शितं बाहेर पडून पुढच्या रोलवर काळे ठिपके चिकटतात.

कढईत तेल पाच-सहा सेंटिमीटर खोल, १८० अंश. अर्धा रोल सांधा खाली करून झाऱ्यावरून अलगद सोडा. पहिले वीस सेकंद हलवू नका, सांधा तेवढ्यात पक्का होतो. मग फिरवत राहा. एकूण साठ ते नव्वद सेकंद, रंग गव्हाळ-सोनेरी. एका वेळी दोनच अर्धे टाका, नाहीतर तेल १६० च्या खाली उतरतं आणि पांको तेल पितो.

रोल फुटला तर कारण या चारांतलं एक असतं: गुंडाळताना आत हवा राहिली, सारण ओलं होतं, भात जास्त होता, किंवा दोन मिनिटांपेक्षा जास्त तळला. ओल्या सारणाचा गुन्हा सर्वात मोठा. त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि ती नोरी फाडून निघते. रंग पटकन आला पण आवरण कच्चट राहिलं तर तेल फार तापलेलं होतं.

जाळीवर दोन मिनिटं निथळू द्या. तळलेल्या रोलला दातेरी पावाची सुरी सर्वात सोयीची: न दाबता, पुढे-मागे ओढत कापा. साध्या सुरीने कापायचं तर ती धारदार आणि ओली हवी, प्रत्येक कापानंतर फडक्याने पुसलेली. दाबून कापलं की आवरण भाताच्या आत घुसतं आणि सारण दुसऱ्या टोकाने बाहेर येतं. अर्ध्या रोलचे चार तुकडे करा. यापेक्षा पातळ केले तर आवरण गळून पडतं.

वर तोच गोड सॉस रेघेरेघेने, आणि तीन टेबलस्पून मेयोनेझमध्ये एक टेबलस्पून श्रीराचा सॉस किंवा लाल मिरचीची गुळगुळीत चटणी मिसळून. ओला कांदा, तीळ. इतकं असल्यावर सोया सॉसची वाटी लागत नाही, नाहीतर खारटपणा डोक्यावर चढतो. लोणच्याचं आलं मात्र तळलेल्या सुशीबरोबर हवंच, ते तेलाची चव तोडतं.

रोल तळून पंधरा मिनिटांच्या आत खायला हवा. पाहुणे येण्याआधी गुंडाळून, झाकून ठेवता येतात. पीठ लावणं आणि तळणं ते बसल्यावर. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या रोलची नोरी चामड्यासारखी होते.

भात उरला तर दोन तासांच्या आत चौकोनी डब्यात प्लास्टिक घालून दोन सेंटिमीटर जाडीत घट्ट दाबा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सुशीत नको असलेला टणकपणा इथे कामाला येतो. दुसऱ्या दिवशी तीन बाय पाच सेंटिमीटरच्या वड्या कापा, १८० अंशांवर कोणतंही आवरण न लावता तीन मिनिटं तळा, कडा सोनेरी झाल्या की काढा, आणि वर ट्यूना-मेयो किंवा बांगड्याचा तुकडा ठेवा. वड्या कढईत सोडताना एकमेकींपासून लांब सोडा. पहिल्या मिनिटात त्या चिकटल्या की सोडवताना मोडतात.